टायर बदलण्याआधी मागचं चाक नीट बघ

अगं, तुझे फोटो बघितले. मागचा टायर उजव्या अंगाला पार झिजलाय, डावीकडची नक्षी अजून शाबूत आहे, आणि चेनच्या बाजूला रिमवर ती काळपट, चमचमणारी पूड. गॅरेजमधले दादा म्हणाले, टायर आणि चेन-स्प्रॉकेट बदलून टाकू. बदलायचंच आहे, पण आज नको. ही झीज कुठून आली ते न बघता नवा टायर घातलास तर तोही याच अंगाने जाईल. नोकरी लागून तुला वर्षही झालं नाही, एकाच दुखण्यावर दोनदा पैसे घालवू नकोस.

टायरपासूनच सुरू करू. मधोमध सपाट झालेला टायर म्हणजे बहुतेक हवा जास्त, नाहीतर सगळा प्रवास सरळ हायवेचा. दोन्ही कडा गेल्या असतील तर हवा कमी. हात फिरवल्यावर उंचसखल लाटा लागल्या तर शॉकअप किंवा चाकाचा तोल तपासायचा. तुझा एकाच अंगाला गेलाय. कुणी म्हणेल, रस्त्याला कडेकडे उतार असतो आणि आपण डावीकडून चालवतो, म्हणून उजवं अंग जास्त लागतं. तसं होतं खरं, पण थोडंसं, आणि हजारो किलोमीटरनंतर जाणवेल इतकंच. फोटोत डोळ्यात भरेल एवढा फरक नुसत्या रस्त्याने पडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातून चेनखाली पूड दिसतेय. दोन्ही एकत्र दिसले की मला पहिला संशय येतो तो चाक तिरकं बसल्याचा.

म्हणून आधी आठव, मागचं चाक शेवटचं कधी काढलं होतं? तुझ्या गाडीला ट्यूबवाला टायर आहे, म्हणजे पंक्चर काढताना चाक खोललं गेलंच असणार. घाईत परत बसवताना दोन्हीकडचे चेन अ‍ॅडजस्टर सारखे ओढले जात नाहीत. कधी एक्सलवरचा छोटा कॉलर उलट्या बाजूला जातो, कधी बसवायचाच राहतो. गाडी तरीही चालते आणि चालवताना काही कळत नाही, म्हणूनच हे महिनोन्महिने लपून राहतं.

रविवारी सकाळी उजेडात गाडी डबल स्टँडवर लाव. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हातानेच फिरवायचं. हे मी विनवून सांगतेय: इंजिन चालू ठेवून चेनला कापड लावू नकोस, कधीच नाही. चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे कापडासोबत बोट जातं आणि क्षणात तुटतं.

आता चिमट्यावरच्या खुणा बघ, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या त्या दोन दांड्यांच्या टोकाशी कोरलेल्या रेघा. दोन्हीकडे अ‍ॅडजस्टर एकाच रेघेवर हवा. पण खुणा जुळल्या म्हणून सोडून देऊ नकोस, त्या नेहमी तंतोतंत नसतात. शिवणाची टेप घे आणि चिमटा जिथे फ्रेमला जोडलाय त्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोज. दोन-तीन मिलिमीटरचा फरक आला तरी चाक तिरकं आहे असं समज.

चेन पूर्ण कव्हरखाली आहे तुझी, त्यामुळे ती कुणी पाहतच नाही. कव्हर काढायला लाव. स्प्रॉकेटच्या दात्यांच्या दोन्ही कुशी बघ. एकाच कुशीला घासून चकाकी आली असेल तर चेन वाकडी धावतेय, आणि ती पूड तिथलीच. दाते एका दिशेला आकड्यासारखे वळले असतील तर मात्र ती झीज वयाची. मागच्या टोकाला चेन बोटाने मागे ओढून बघ. स्प्रॉकेटवरून सुटून अर्धा दाता उघडा पडला तर ती संपली. तेव्हा चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदल. जुन्या दात्यांवर नवी चेन फार टिकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चाक वर आणि खाली धरून आडवं हलव, एक हात ढकलतोय, दुसरा ओढतोय. खट्‌खट् जाणवलं, म्हणजे प्ले असला, तर मैत्रिणीला चिमटा घट्ट धरायला सांग आणि पुन्हा हलव. चिमटा स्थिर राहून चाक एकटंच हलत असेल तर बेअरिंग गेलंय. चाकाबरोबर चिमटाही बाजूला सरकत असेल तर त्याचे बुश गेलेत. हा फरक न करता अंदाजाने बेअरिंग बदलतात, प्ले तसाच राहतो, आणि मग म्हणतात गाडीच जुनी झाली. बुश गेले असतील तर चाक कितीही सरळ बसव, वळणावर ते परत तिरकं होणार.

हब रबरही याच वेळी बघून घे. चाक धरून मागचं स्प्रॉकेट पुढे-मागे फिरव. थोडंसं दबलं तर ठीक, पण मोकळं हलत असेल, आणि रेस दिल्यावर मागून धक्का बसत असेल, तर रबर झिजलेत. ते स्वस्त असतात, चाक खोलायचंच आहे तर बदलून टाक.

आणखी एक, जे गॅरेजमध्ये सर्रास राहून जातं. चेन ताणायला चाक मागे सरकवलं की ड्रम ब्रेकचा रॉड आपोआप ओढला जातो आणि ब्रेक थोडा लागलेलाच राहतो. लायनर झिजतात, हब तापतो, अ‍ॅव्हरेज पडतं. म्हणून चेन ताणल्यावर ब्रेक पुन्हा सेट करायला सांग. ब्रेक न लावता चाक हाताने फिरवून बघ, ते अडकता कामा नये. ब्रेक प्लेटला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट आणि एक्सलला कॉटर पिन असेल तर तीही स्वतःच्या डोळ्यांनी बघ. ती पट्टी सुटली तर ब्रेक दाबताच अख्खी प्लेट फिरते आणि चाक जाम होऊ शकतं. इथे संकोच करू नकोस. "दादा, नट कसलात का, दाखवा," एवढं म्हणायला काही लागत नाही.

गॅरेजमध्ये गेल्यावर "टायर बदला" असं सांगू नकोस, त्यांना दिसणारं लक्षण सांग: टायर उजवीकडून झिजतोय, मोजलेल्या अंतरात एवढा फरक आलाय, चाक असं हलतंय. लक्षण ऐकलं की चांगला मेकॅनिक शोधायला लागतो. जुने भाग मागून घे. चेनचा ढिलेपणा चाक फिरवत तीन-चार जागी तपासायला लाव, कारण झिजलेली चेन सगळीकडे सारखी नसते. जिथे सर्वात ताठ असेल तिथे पुस्तिकेत दिलाय तेवढा सैलपणा राहायला हवा. फार ताणली तर बेअरिंगवर ताण येतो.

बेअरिंगला किंवा चिमट्याच्या बुशला प्ले निघाला, ब्रेक प्लेटची पट्टी सैल दिसली, किंवा टायरमधून धागे दिसू लागले, तर त्या दिवसापासून गाडी हलवायची नाही, एसटीने जा. बाकीचं आठवडाभर थांबू शकतं.

काम झालं की नव्या टायरची नक्षी दोन्ही अंगांना किती खोल आहे ते मोजून लिहून ठेव. हवा दर पंधरवड्याला, टायर थंड असताना, स्टिकरवर दिलेल्या आकड्याप्रमाणे. मागे कुणी बसणार असेल तर त्याचा आकडा वेगळा असतो, तोही तिथेच लिहिलेला असतो. हजारेक किलोमीटरनंतर नक्षी परत मोज आणि दोन्ही आकडे मला पाठव. फरक दिसला तर मी येते, आपण दोघी मिळून चाक खोलून घेऊ.