पुस्तकाच्या कण्यावरचा आकडा काय सांगतो?

प्रश्न : वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर खाली एक चिठ्ठी डकवलेली असते. एका कादंबरीवर ‘८९१.४६३’ आणि त्याखाली ‘खांडे’ असं लिहिलेलं दिसलं. सरळ १, २, ३ असे क्रमांक का देत नाहीत?

उत्तर : सरळ क्रमांकही दिलेले असतात. पुस्तक आलं की नोंदवहीत त्याला दाखल क्रमांक मिळतो आणि तो आतल्या पानावर लिहितात. त्यावरून नेमकी प्रत ओळखता येते. पण त्याच क्रमाने पुस्तकं मांडली, तर एकाच दिवशी आलेली कादंबरी आणि पाकशास्त्राचं पुस्तक शेजारीशेजारी बसतील. कण्यावरची चिठ्ठी एका विषयाची पुस्तकं एकत्र आणते. तिच्यावरच्या मजकुराला ग्रंथपाल बोधांक म्हणतात.

त्यातला वरचा आकडा म्हणजे वर्गांक. ही दशांश पद्धत अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केली. सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, अशी ती बारीक होत जाते. तुमच्या आकड्यातला ८ म्हणजे साहित्य, ८९१.४ म्हणजे आधुनिक भारतीय आर्यभाषांचं साहित्य, ८९१.४६ म्हणजे मराठी, आणि शेवटचा ३ म्हणजे कथा-कादंबरी. तिथे १ असता तर कविता, २ असता तर नाटक. खालचा ‘खांडे’ म्हणजे लेखकाच्या आडनावाची सुरुवात, वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’वर अशीच चिठ्ठी असू शकते.

म्हणूनच एकाच लेखकाची पुस्तकं दोन कपाटांत सापडतात. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी ८९१.४६३ मध्ये जाते, तर ‘आकाशाशी जडले नाते’ खगोलशास्त्रात, म्हणजे ५२० च्या घरात.

ड्युईंच्या आधी अनेक ग्रंथालयांत पुस्तकाला कपाटाचा आणि फळीचा क्रमांक देत. कपाट भरलं की नवं पुस्तक आपल्या विषयापासून दूर जाई, नाहीतर जुन्यांचे क्रमांक बदलावे लागत. वर्गांक मात्र विषयाला चिकटलेला असतो. कपाटं हलवा, हजार पुस्तकं वाढवा, शेजारी तेच राहतात. आपल्याकडे एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडलं. एका विषयाचे अनेक पैलू चिन्हांनी जोडायची त्यांची युक्ती जगभर अभ्यासली गेली. तेव्हा एखाद्या ग्रंथालयात चिठ्ठीवर अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं एकत्र दिसली, तर तिथे कदाचित ही पद्धत असेल.

पुस्तक शोधताना एक लक्षात ठेवा : दशांशचिन्हापुढचे आकडे एकेक करून वाचायचे. त्यामुळे ५२३.११२ हे ५२३.८ च्या आधी येतं. पूर्ण बोधांक टिपून घ्या आणि पुस्तक मिळालं की त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची चार पुस्तकंही चाळा. तुम्हाला ठाऊक नसलेलं, पण हवं असलेलं पुस्तक तिथेच असण्याचा संभव मोठा. चाळून झालेलं पुस्तक अंदाजाने फळीवर खोचू नका, टेबलावर ठेवा. जागा चुकलेलं पुस्तक नोंदीत असतं, पण पुढच्या वाचकाच्या हाती लागत नाही.