बिऱ्हाड हलवण्याआधी

बाय, तुझा फोन आला तेव्हा मी पेज गाळत होते, म्हणून धड बोलता आलं नाही. जावईबापूंना गोव्यात डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळतंय, भाडं पुण्यापेक्षा पुष्कळ कमी, आणि तू विचारतेस, "मावशी, येऊ का?" ये किंवा येऊ नकोस, असं मी एका शब्दात सांगणार नाही. मी दोडामार्गाकडून लग्न होऊन आले, पहिली वर्षं पेडणे तालुक्यात काढली, मग डिचोली. चार वेळा बिऱ्हाड हलवलं आणि चारही वेळा काहीतरी बघायचं राहिलं. तुझं राहू नये म्हणून लिहिते.

१. घर बघायला एकदा मे महिन्यात ये आणि एकदा जुलैत — डिसेंबरात इथलं कुठलंही घर गोडच दिसतं. उन्हात विहीर बघावी, पावसात कौल.

२. नळाला पाणी आहे का, हे मालकाला विचारू नकोस. शेजारणीला विचार, किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं — मालक नळ उघडून दाखवतो, शेजारीण हंडे दाखवते. तिळारीचा कालवा फुटला की नळ कोरडे पडतात, हे इथं एकदा नाही, अनेकदा झालंय. गच्चीवर मोठी टाकी नसेल तर ते घर तुझ्या हिशेबात तितकंसं स्वस्त धरू नकोस.

३. अंगणात विहीर दिसली म्हणून हरखून जाऊ नकोस, तळ कधी दिसतो ते विचार — खाणीचे खड्डे खोल गेले की आसपासच्या विहिरींचं पाणी तिकडे उतरतं. शिरगावच्या बायकांनी हे वर्षानुवर्षं सोसलंय.

४. खिडकीच्या गजावर बोट फिरव — लाल माती बोटाला आली तर समोरचा रस्ता खनिजाच्या ट्रकांचा आहे, आणि तुझ्या धाकट्याला पुण्यातही दम लागायचा.

५. साखळीला वाळवंटी नदीच्या काठी किंवा साळ, इब्रामपूर, हसापूर, चांदेल अशा नदीकडच्या गावांत घर बघत असशील, तर २०१९ च्या ऑगस्टात पाणी कुठवर आलं होतं ते विचार — तिथली माणसं भिंतीवर हात ठेवून दाखवतात. त्या हाताच्या वर पलंग राहील का, एवढंच बघायचं.

६. आता सगळ्यात मोठं. गाव कशावर जेवतं, ते भाड्याच्याही आधी विचार — एका टेकूवरचा मांडव वारा नसतानाच उभा राहतो.

हे मी फार महाग शिकले, म्हणून इथं जरा थांबते. डिचोली तालुका खाणींवर जेवत होता. ज्याच्या घरात खाणीचा पगार नाही, त्याच्या घरासमोर टिपर उभा; ज्याचा टिपर नाही, त्याचं गॅरेज, खानावळ नाहीतर टायरचं दुकान. तुझ्या काकांनीही बँकेचं कर्ज काढून टिपर घेतला. सगळे घेत होते, आणि हप्ता सहज निघत होता. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. ट्रक अंगणात आणि हप्ता दारात. २०१४ मध्ये न्यायालयाने बंदी उठवली, पुढे काम थोडं सुरू झालं, आम्ही पुन्हा हुरूप धरला. २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चात पुन्हा सगळं थंड. काकांनी टिपर पडत्या भावात विकला. माझी पाटली त्याच वर्षी गेली. २०२४ पासून डिचोलीत पुन्हा खनिज निघू लागलंय, आणि बाजारात पुन्हा तेच हसरे चेहरे दिसतात. मला त्यांचा आनंद आहे, पण मी आता कोणालाही खाणीच्या भरवशावर हप्ता घे म्हणत नाही.

७. पेडण्यात हीच गोष्ट विमानतळाची समज. मोपाचं विमानतळ २०२२ च्या डिसेंबरात उघडलं, ५ जानेवारी २०२३ ला विमानं सुरू झाली, आणि टॅक्सी, सुरक्षा, सफाई, सामान चढवणं-उतरवणं अशी कामं आली — चांगलं झालं, पण तोही एकच टेकू. पर्यटक कमी आले की टॅक्सीवाल्याची चूल आधी मंदावते.

८. म्हणून घरात दोन वेगळ्या धंद्यांचे पगार यावेत असं बघ — जावईबापूंची कंपनी आणि तुझं हिशेबाचं काम एकाच मालकाकडे नको. तुला काम मिळेपर्यंत सहा महिने एका पगारात भागतं का, ते पुण्यातच करून बघ. वहीत मांडून नको, खरोखर तसं राहून.

९. नेमणुकीच्या पत्रावर कंपनीचं नाव आहे की ठेकेदाराचं, ते नीट वाच — फाटकावर पाटी कोणाचीही असो, पगार थकला की ज्याची सही त्याचंच दार ठोठावावं लागतं.

१०. प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआय पहिल्या महिन्यापासून कापतात का, तेही विचार. ईएसआयचं हॉस्पिटल लांब मडगावला आहे — म्हणून जवळचा दवाखाना कुठला, हे नाव नोंदवतानाच विचारून ठेवलेलं बरं.

११. कामाच्या वेळेला कंपनीच्या वाटेने एकदा जाऊन ये, आणि रात्रपाळी सुटते तेव्हाही — दुपारच्या रस्त्यावर विसंबू नये, तो सगळ्यांशी गोड असतो. कंपनीची बस कुठल्या तिठ्यावर थांबते आणि शेवटची बस कधी जाते, ते कागदावर लिहून घे. स्वस्त घराचं उरलेलं भाडं पेट्रोलपंपावर भरावं लागतं.

१२. रात्री दोनला मुलाला ताप चढला तर कुठं न्यायचं, ते दिवसाउजेडी ठरव. डिचोली आणि साखळीला सरकारी आरोग्य केंद्रं आहेत, म्हापशाला जिल्हा हॉस्पिटल, आणि मोठं दुखणं असेल तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज — बांबोळी इथून तीसेक किलोमीटरच्या घरात, पावसात ते वाढल्यासारखं वाटतं. रिक्षावाल्याचा नंबर शेजाऱ्याच्या आधी घे.

१३. 'पेडणे स्वस्त' असं कोणी म्हणालं तर 'कुठलं पेडणे?' असं विचार — मोरजी, मांद्रे, हरमल किनाऱ्यावरची, तिथं भाडं पाहुण्यांच्या खिशाने ठरतं. वारखंड, तांबोसे, चांदेल आतली, तिथं अजून माणसाच्या पगाराने ठरतं. एकाच तालुक्याच्या या दोन वेगळ्या दुनिया आहेत.

१४. पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. एक चतुर्थी, एक शिमगा आणि एक अख्खा पावसाळा बघितल्याशिवाय जमिनीचं नावही काढू नकोस — पाहुणी म्हणून आवडलेलं गाव सून म्हणून आवडेलच असं नाही.

१५. भाड्याचा करार लेखी कर, अनामत रकमेची पावती घे, आणि पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा अर्ज स्वतः भरून त्याची प्रत ठेव — मालक 'मी बघतो' म्हणतात आणि विसरतात. २०२४ पासून तर यासाठी कायदाच आहे.

१६. आधीच्या भाडेकरूचं विजेचं बिल थकलंय का, ते चावी घेण्याआधी बघ — मीटर माणूस ओळखत नाही, घर ओळखतो. मी दुसऱ्याचे तीन महिने भरलेत.

१७. जमीन घ्यायची वेळ आलीच तर पहिल्यांदा एक-चौदाचा उतारा काढ, आणि मालकाच्या नावापेक्षा कुळाचा रकाना आधी वाच. मुंडकाराचं घर त्या जमिनीत आहे का, ते जाऊन डोळ्यांनी बघ — १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस तू मालकाला पैसे दिलेस म्हणून उठणार नाही. भातशेतीची जमीन 'नंतर रूपांतर करून देतो' म्हणून कोणी दाखवली तर चहा पिऊन परत ये — २०२३ पासून ती शेतकरी नसलेल्याला विकायलाच मनाई आहे.

१८. मयेचं तळं सुंदर आहे, माणसं त्याहून चांगली. पण तिथं जागा घेताना ती कस्टोडियनच्या, म्हणजे सरकारी राखणदाराच्या ताब्यातल्या, जमिनीतली आहे का, हे वकिलाकडून तपासून घे — पोर्तुगीज गेल्यावर त्या मालमत्तेचा प्रश्न दशकं लोंबकळला, २०१४ मध्ये कायदा झाला, आणि लोकांना आपल्याच अंगणाच्या सनदेसाठी वाट बघावी लागली.

१९. कोणीतरी तुला सांगेल, डिचोलीपेक्षा दोडामार्गात राहा, आणखी स्वस्त, रोज ये-जा करा. माझं माहेर तिकडचं, मी वाईट कशी म्हणेन? शेकडो माणसं करतात. पण हद्दीपलीकडे महाराष्ट्रात राहिलीस तर गोव्यातल्या वास्तव्याची वर्षं मोजली जात नाहीत — दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डाला पाच वर्षं लागतात आणि सरकारी नोकरीच्या दाखल्याला पंधरा. आज भाड्यात वाचलेले पैसे उद्या मुलाला नडू शकतात.

२०. आलीस तर पहिल्या दिवसापासून एक पिशवी कर: करार, विजेची बिलं, शाळेच्या पावत्या, गॅसचं पुस्तक. एकही कागद टाकू नकोस — वर्षं आपण जगतो, पण मोजतो कागद. पुण्याची स्कूटर वर्षापेक्षा जास्त इथं राहणार असेल तर तिचीही नोंदणी बदलावी लागते.

२१. शाळा. सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठीतून आहेत, आणि या दोन तालुक्यांत अजून मुलं त्यांत जातात. पाचवीपासून मात्र इंग्रजी — तुझा मोठा चौथीत आहे ना? मग यंदा हलवायचं की पुढच्या जूनमध्ये, हे घरभाड्यापेक्षा त्याच्या वर्गावर ठरव.

२२. मराठी इथं घरचीच आहे. देवळात, भजनात, नाटकात तुला परकं वाटणार नाही. तरी कोकणी कानावर पडू दे आणि चार वाक्यं बोलायला शिक — पोदेर पाव घेऊन येतो त्याच्याशी सुरू कर, तो चुका हसून घेतो. 'पुण्यात असं नसतं' हे वाक्य मात्र पहिली दोन वर्षं पिशवीत बांधून ठेव.

२३. देवळाची वर्गणी मागायला आले तर उंबऱ्यात उभं करू नकोस, बसव, पाणी दे, जमेल तेवढं दे. लईराईच्या जत्रेला किंवा पेडण्याच्या पुनवेला दहा मिनिटं तरी जाऊन ये — एकदा तोंड दाखवलं की आजारपणात दार वाजवायला संकोच वाटत नाही. परक्या गावात पहिलं नातं वाटीभर आमटीचं.

२४. बुधवारी डिचोलीचा बाजार भरतो. घर नक्की करण्याआधी एका बुधवारी तिथं फिर, भाज्यांचे भाव विचार, आणि बसायला जागा मिळाली तर नुसती बस — दुकानदार उधारीवर देतोय की रोख मागतोय, यावरून गावाच्या खिशात काय आहे ते कळतं. खाणी बंद झाल्या तेव्हा मला ते पेपरात वाचण्याआधी किराणावाल्याच्या वहीत दिसलं होतं.

२५. तीन महिन्यांचा खर्च आणि सामान परत न्यायचा टेम्पोचा खर्च वेगळ्या खात्यात ठेव, जावईबापूंनाही हात लावू देऊ नकोस — परतीचे पैसे गाठीला असले की माणूस भीतीने राहत नाही. ते पैसे पुढे मुलाच्या सायकलला गेले तर मला पहिला फोन कर.

माझं स्वतःचं मत विचारशील तर, या. माणसं कष्टाची आहेत, संध्याकाळी घरी पोचता येतं, आणि मुलं ओढ्याकाठी वाढतात. पण कंपनीला होकार कळवण्याआधी मे महिन्यात दोघांनी चार दिवस रजा काढा, त्यात एक बुधवार असू दे. थिवीला उतरा, काका स्टेशनवर येतील. आमच्याकडे पाणी सकाळी सहाला येतं, तेव्हा उठून हंडे मात्र तूच भरायचे.