दम्यावरील श्वासावाटे घ्यावयाचे औषध

दमा म्हणजे केवळ श्वासनलिकांचे आकुंचन नव्हे. त्यांच्या अस्तराला दाह असतो आणि धाप थांबली तरी तो शमत नाही. या दाहावर गोळ्यांवाटे दिलेले स्टेरॉइड सर्व शरीरात पसरे. 1972 साली ब्रिटनमध्ये बेक्लोमेथासोनचा पंप उपलब्ध झाला आणि तेच कार्य काही शे मायक्रोग्रॅम औषधाने थेट श्वासनलिकांत होऊ लागले. मात्र त्याने तत्काळ मोकळे वाटत नाही. गुण येण्यास काही दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणूनच दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातील रुग्णाने नोव्हेंबरच्या धुरक्यात सुरू केलेला पंप फाल्गुनात हवा निवळताच आपल्या मनाने सोडणे धोक्याचे असते. मात्रा डॉक्टरांनीच उतरवावी. ‘पंपाची सवय लागते’ हा समज तर निराधारच. औषध ओढल्यावर चूळ भरून थुंकावी; तोंडात बुरशी वाढण्याचा संभव त्याने कमी होतो.