परमिट तुमचं की जागेचं? नदीकाठच्या रेस्टॉरंटचा एक धडा



नदीकाठी रेस्टॉरंट टाकायचं स्वप्न बऱ्याच जणांचं असतं. पण आज आपण नजाऱ्याचं नाही, परमिटचं गणित शिकणार आहोत. उदाहरण अमेरिकेतल्या ओहायो राज्याचं घेऊ.

तिथे बार-रेस्टॉरंटच्या 'डी-५' परमिटला कोटा आहे: दर २,००० लोकसंख्येमागे एक. कोटा भरला की नवीन माणसाला कुणाचं तरी जुनं परमिट विकत घ्यावं लागतं. छोटा उद्योजक इथेच अडकतो.

म्हणून कायद्याने शहरांना दुसरी वाट दिली. किमान २० एकरांचा भाग 'कम्युनिटी एंटरटेनमेंट डिस्ट्रिक्ट' म्हणून मंजूर झाला, की तिथे दर ५ एकरांमागे एक 'डी-५जे' परमिट मिळू शकतं, तेही कोट्याबाहेर. २० एकरांत ४, ७५ एकरांत १५. जागा त्याहून मोठी असली तरी १५च. सिनसिनाटी शहराने ओहायो नदीकाठच्या 'द बँक्स' या भागासाठी ही वाट वापरली.

शहराचा फायदा सरळ आहे. ओस जागेत रेस्टॉरंटं आली की लोक येतात, भाडं आणि कर सुरू होतो. पण तुमचा फायदा? तो तीन गोष्टींवर ठरतो.

१. परमिट जागेला बांधलेलं आहे. डी-५जे त्या डिस्ट्रिक्टच्या हद्दीबाहेर नेता येत नाही. धंदा चालला नाही तर ते दुसऱ्या भागात नेऊन बसता येणार नाही. म्हणून त्याला हवी तिथे विकता येणारी मालमत्ता समजू नका. भाडेकराराची मुदत आणि भाडेवाढ आधी लिहून घ्या.

२. आधी जेवण, मग दारू. हे परमिट खाद्यव्यवसायाचा परवाना असलेल्यालाच मिळतं. किचन कच्चं असेल तर परमिट तुम्हाला वाचवणार नाही.

३. रिकाम्या दिवसाचा हिशोब करा. 'द बँक्स' दोन स्टेडियमच्या मधे आहे. नेहमीच्या हंगामात बेसबॉलचे ८१ आणि अमेरिकन फुटबॉलचे ८-९ सामने घरच्या मैदानावर होतात. म्हणजे साधारण ९० दिवस गर्दी. उरलेल्या २७५ दिवसांचं भाडं आणि पगार कोण देणार? जो गर्दीचा दिवस धरून हिशोब करतो, तो फसतो.

आपल्याकडे नियम वेगळे आहेत. परमिट रूमचा एफएल-३ परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो. नदीकाठी तर जागा पूररेषेच्या, म्हणजे निळ्या आणि लाल रेषेच्या, कुठल्या बाजूला आहे हेही बघावं लागतं. पण प्रश्न तेच राहतात.

आजचा गृहपाठ: जागेचं टोकन देण्याआधी वहीत तीन ओळी लिहा. परवाना दुसरीकडे नेता येतो का? भाडं किती वर्षं पक्कं आहे? पावसाळ्यातल्या मंगळवारी गल्ल्यात किती जमेल? तिसऱ्या उत्तरावर भाडं निघत असेल, तरच पुढे जा.