जोड साच्यातच ठरतो

भोसरी, पुणे

चि. ओंकार यास,


संभाजीनगरच्या सिपेटमधला डिप्लोमा संपवून तू चाकणला मोल्डिंग शॉपमध्ये लागलास, हे ताईकडून कळलं. पेढेही पोचले. मामा म्हणून आनंद आहेच, पण याच धंद्यात केस पांढरे केले असल्यामुळे चार गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिले काही महिने तुझी नजर मशीनच्या स्क्रीनवरून हलणार नाही. बॅरलचं तापमान, प्रेशर, सायकल टाइम सगळं तिथे दिसतं. तरी रोज अर्धा तास असेंब्लीच्या टेबलाशी जाऊन उभा राहत जा. आपला शॉट पास की नापास, हे तिथे कळतं. मला ते कसं कळलं, ऐक.

मी सेटर होतो. एबीएसचं एक कव्हर आमच्याकडे चालायचं. चार कोपऱ्यांत चार बॉस, म्हणजे पोकळ खुंट, त्यांत सेल्फ-टॅपिंग स्क्रू बसायचे. माल वाढवा म्हणून वरून तगादा होता. मी मोल्डचं तापमान ६० अंशांवरून ३५ वर आणलं आणि सायकल चार सेकंदांनी कमी केली. पाठीवर थाप मिळाली. आठवड्याभरात बॉस चिरायला लागले. ‘स्क्रू फार पिळता,’ म्हणून असेंब्लीतल्या बायकांना बोलणी बसली, आणि बोलणाऱ्यांत मीही होतो. त्यांतल्या एका मावशींनी चिरलेले दहा-बारा पीस माझ्यापुढे ओळीने मांडले. म्हणाल्या, “दादा, माझा हात चुकला असता तर चीर कुठंही गेली असती. ही दरवेळी एकाच जागी कशी?”

बघितलं तर प्रत्येक चीर गेटच्या, म्हणजे माल मोल्डमध्ये शिरतो त्या तोंडाच्या, बरोबर उलट बाजूला होती. बॉसचं भोक मोल्डमधल्या पिनमुळे पडतं. वितळलेलं प्लॅस्टिक त्या पिनपाशी दुभंगतं, दोन्ही बाजूंनी वळसा घालतं आणि पलीकडे परत भेटतं. त्या भेटीची रेघ म्हणजे वेल्ड लाइन. दोन्ही प्रवाह पुरेसे गरम असले आणि मागून दाब असला, तर त्यांच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात. मी मोल्ड गार केल्यामुळे प्रवाह भेटेपर्यंत त्यांच्यावर साय धरायला लागली होती. वरून पीस एकसंध दिसायचा, आत नुसता टेकलेला असायचा. स्क्रू आत गेला की तिथेच उकलायचा. मोल्ड परत ६० वर नेला आणि चिरणं थांबलं. मावशींना बोलणी चारचौघांत बसली होती, म्हणून माफीही चारचौघांतच मागितली.

तेव्हा लक्षात ठेव, प्लॅस्टिकचा पहिला जोड मोल्डमध्येच होतो, आपल्या नकळत. आणि नंतर करायचा जोडही मोल्ड बनवतानाच ठरवावा लागतो.

कसा जोडायचा, हे मटेरियलला विचारायचं. पीव्हीसीच्या पाइपला प्लंबर सॉल्व्हंट सिमेंट लावतो. ते दोन्ही पृष्ठभाग थोडे विरघळवून एकजीव करतं. तेच पॉलिप्रॉपिलिनला लावशील तर अळवावरचं पाणी. त्याला फ्लेम किंवा कोरोना ट्रीटमेंट द्यावी लागते, नाहीतर सरळ उष्णतेने जोडावं लागतं. बॅटरीचा डबा आणि झाकण हॉट प्लेटवर कडा वितळवून एकमेकांवर दाबतात. तिथे नवशिका हमखास जास्त दाबतो. वितळलेला माल बाहेर निसटतो आणि सांधा कोरडा राहतो.

अल्ट्रासॉनिक वेल्डिंगचा हॉर्न बहुतेक मशीनवर सेकंदाला २०,००० वेळा थरथरतो आणि एका सेकंदाच्या आत जोड होतो. पण त्यासाठी कडेवर बारीक त्रिकोणी कंगोरा, म्हणजे एनर्जी डायरेक्टर, हवा. तो मोल्डमध्येच कोरलेला नसेल तर वेल्डिंग मशीनवाल्याने किती आकडे फिरवले तरी उपयोग नाही. एबीएस, पॉलिकार्बोनेट याला राजी असतात. नायलॉन हवेतलं पाणी पितो, मग वेल्ड करताना त्या पाण्याची वाफ होऊन सांध्यात फेस धरतो. म्हणून नायलॉनचा पीस ताजा असतानाच वेल्ड करायचा किंवा पिशवीत सीलबंद ठेवायचा.

ड्रॉइंग हातात आलं की आधी विचारायचं, हे कशाला जोडायचंय, आणि उद्या मेकॅनिकला उघडावं लागेल का? उघडायचं असेल तर वेल्डचं नावच काढू नको. स्क्रू दे, नाहीतर स्नॅप फिट दे. स्नॅपच्या मुळाशी टोकदार कोपरा ठेवू नको, गोलाई दे. कोपऱ्यातून आकडा पटकन मोडतो. बॉस कमजोर वाटला तर भिंत जाड करायचा मोह होईल. जाडी दुप्पट केलीस की थंड व्हायला जवळजवळ चौपट वेळ लागतो, वर बाहेरून सिंक मार्क, म्हणजे खळगा, पडतो. त्यापेक्षा बारीक रिब दे.

एक गोष्ट मात्र कुणी कितीही घाई केली तरी सोडू नको. ॲसिटल आणि पीव्हीसी एकाच बॅरलमध्ये कधी एकत्र येऊ देऊ नको. दोन्ही मिळून झपाट्याने जळतात आणि विषारी गॅस दाबाने उडतो. मटेरियल बदलताना मध्ये पॉलिथिनने नीट पर्ज कर, आणि पर्ज चालू असताना नोझलसमोर उभा राहू नको.

पाकिटात त्या कव्हरचा एक चिरलेला कोपरा ठेवलाय. रेघ नखाने चाचपून बघ. आणि तुझ्या शॉपमध्ये काही तुटलं की हात कोणाचा होता, हे विचारण्याआधी चीर कुठे गेली आहे ते बघ.

आईला आठवड्यातून एकदा तरी फोन कर.

तुझा,
मामा