मुलाखतीचा पोशाख

प्रश्न : बुलढाण्यात कंत्राटी मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेत मुलाखत व टंकलेखनाची चाचणी आहे. पोशाख कसा असावा? – एक वाचक, रोहिणखेड

उत्तर : संस्था केवळ मध्यस्थ असली, तरी आपणांस पुढे ज्या कचेरीत धाडावयाचे तिच्याच दृष्टीने ती आपली पारख करीत असल्यामुळे, फिकट रंगाचा, इस्त्री केलेला सुती सदरा, गडद विजार व स्वच्छ जोडे एवढे पुरेसे आहे, कोट, वऱ्हाडच्या उन्हात तरी, निव्वळ शिक्षाच. खरी मेख बाहीत आहे. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जागेला मिनिटास मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांची गती लागते. तीच अपेक्षा येथेही धरावी, आणि मनगटाशी आवळणारी बाही वा जड घड्याळ ती गती हिरावून घेत असल्याने, तोच सदरा अंगात घालून आदल्या दिवशी सराव करावा. एस.टी.च्या प्रवासात धूळ बसणारच, सबब रुमाल जवळ ठेवावा. नोंदणीच्या नावाखाली कोणी रोख रक्कम मागितल्यास मात्र दाखले उचलून तडक परतावे.