मॉस्किटोच्या कॉकपिटात शिकलेलं

माझं गाव कुळगी, जोयडा तालुका. आता लोक इथं येतात ते वन खात्याच्या तंबूत राहायला, जंगल बघायला. माझी नोकरी मात्र दांडेलीत, प्लायवूडच्या कारखान्यात, व्हिनिअर आणि सरसाच्या वासात गेली. निवृत्तीनंतर मुलाकडे इंग्लंडला राहिलो तेव्हा शनिवारी एका शेडमध्ये जायला लागलो. काही हौशी मंडळी तिथं दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाचं कॉकपिट नव्याने उभं करत होती. पगार नाही, उलट चहा-बिस्किटांची वर्गणी आपणच द्यायची. तिथं जे कळलं ते असं.

१. आपली विद्या जुनी झाली असं घरबसल्या ठरवू नये. मी गेलो तो झाडू मारायच्या तयारीनं. पण हे विमान लाकडाचं! युद्धात ॲल्युमिनियमची ओढाताण होती, म्हणून डी हॅविलँड कंपनीने ते लाकडात बांधलं. पहिलं उड्डाण २५ नोव्हेंबर १९४०. आतबाहेर बर्चचं प्लायवूड, मधे हलकं बाल्सा. धड शेंगेच्या दोन फाकांसारखं उभं दुभागून साच्यावर घडवायचं, फाका उघड्या असतानाच तारा-नळ्या बसवायच्या आणि मग जोडायचं. फर्निचरचे आणि पियानोचे कारागीर या कामाला लावले होते. शेडमधले बाकीचे कुणी टेलिफोन खात्यातले, कुणी शाळामास्तर. प्लायचा थर आतून सुटलाय का, हे बोटाच्या पेराने ठोकून आवाजावरून सांगणारा मीच निघालो. तेव्हापासून झाडू दुसऱ्याकडे गेला.

२. सरस निवडण्याआधी हवा विचारात घ्यावी. मॉस्किटोची सुरुवातीची जोडणी केसीनच्या सरसाने होई, म्हणजे दुधातल्या प्रथिनाच्या. इंग्लंडात ते चाललं. हीच विमानं भारतातही आली आणि १९४४ मध्ये त्यांतली काही हवेतच मोडली. नोव्हेंबरमध्ये सगळी जमिनीवर बसवावी लागली. चौकशीत सरसाकडे बोट गेलं तसंच सांध्यांच्या ढिल्या कामाकडेही गेलं. इंग्रज सोबत्यांना या गोष्टीचं नवल वाटे. मला नाही वाटलं. जोयड्यातला जून-जुलै ज्यानं काढलाय, त्याला दमट हवेत काय काय सुटतं ते माहीत असतं. केसीनच्या जागी फॉर्माल्डिहाइडचा सरस आला, आणि माझी सारी नोकरी त्याच जातीच्या सरसावर झाली. आमच्या शेडमध्येही तोच वापरत. हे कॉकपिट उडणार नव्हतं, तरी केसीन हवं असा एकाचा हट्ट होता, 'अस्सल' म्हणून. मी कडाडून विरोध केला. ज्या चुकीने माणसं मेली ती अस्सलपणाच्या नावाखाली पुन्हा करू नये, एवढंच माझं म्हणणं.

३. सुटं करण्याआधी फोटो काढावा, चिठ्ठी बांधावी, मग स्क्रूला हात लावावा.

४. भोक दिसलं की लगेच बुजवू नये. रिकामं भोक हा पुरावा असतो. काय बसलं होतं, कुठल्या वर्षी काढलं, हे तेच सांगतं. मॉस्किटोचे प्रकार अनेक: बाँबफेक्या विमानात वैमानिकापुढे चाक आणि समोर कोनाकार काच, लढाऊ प्रकारात दांडा आणि सपाट, गोळी अडवणारी काच. दोन्हींत वैमानिक डावीकडे, दिशादर्शक त्याच्या उजव्या हाताला, थोडा मागे. एकाचा भाग दुसऱ्यात बसवला की दिसायला झकास, पण ते खोटं. पूर्वी अंदाजावर भागवत. २०१७ मध्ये ब्रॉटनच्या विमान कारखान्यात मॉस्किटोची २०,००० हून जास्त युद्धकाळातली रेखाटनं मायक्रोफिल्मवर सापडली. तिथली ती इमारत पाडली जाण्याच्या बेतात होती. आणखी थोडा उशीर होता तर सगळं कचऱ्यात. रेखाटन असेल तर अक्कल कमी चालवावी, हे मला कारखान्यात फोरमननेही सांगितलं होतं; तेव्हा राग आला होता.

५. कॉकपिटातल्या जुन्या घड्याळांची काच उघडू नये. रात्री दिसावेत म्हणून काट्यांना रेडियमचा रंग लावत. आता ते चमकत नाहीत म्हणून लोक निर्धास्त होतात. चमक जाते ती रंगातल्या झिंक सल्फाइडची. रेडियम अर्धं व्हायलाच १,६०० वर्षं लागतात. गायगर काउंटर फिरवावा, आणि त्या रंगाला पॉलिश पेपर तर कधीच लावू नये. हौशी माणसाला घासायची फार खाज असते.

६. आपल्याकडचं सांगायला लाजू नये. लढाईनंतर कानपूरला इंग्रजांनी लिबरेटर बाँबर मुद्दाम मोडून टाकले होते, कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळुरात काढलेल्या कारखान्याने, म्हणजे हिंदुस्थान एअरक्राफ्टने, त्यांतले ४२ पुन्हा उडते केले. आधी ते जेमतेम उडण्याजोगे करायचे आणि कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी कानपूरहून बंगळुरास उडवत न्यायचे! १९६८ पर्यंत आपल्या हवाई दलाने ते वापरले. त्यांतलं एक १९७४ मध्ये ब्रिटनला दिलं. ते तिथल्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आहे. मी हे शेडमध्ये सांगितलं तेव्हा निम्म्यांना ते विमान पाठ होतं, पण ते भंगारातून कुणी उठवलं हे एकालाही ठाऊक नव्हतं.

७. इंग्लंडात म्हातारे निवृत्त झाले की असल्या शेडमध्ये जमतात. आपल्याकडे कारखाना बंद पडला की यंत्रं वजनावर जातात. दांडेली, अंबिकानगर, हल्याळ भागात कुणाच्या माळ्यावर जुन्या प्रेसचे फोटो, साचे, कामाच्या वह्या असतील तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी त्या कारखान्यातल्या एखाद्या जुन्या कामगाराला दाखवा. आम्ही अजून आहोत.